खोडदचे शिवार आणि मँचेस्टरची तबकडी

जुन्नर परगण्याचे दप्तर उघडून बसलेला इतिहासलेखक नागनिका राणीचा नाणेघाटातील शिलालेख, जकातीचा म्हणून दाखविला जाणारा तेथील दगडी रांजण आणि शिवनेरी यांचे वर्णन करून बहुधा लेखणी खाली ठेवतो. परंतु ज्या नारायणगावी तमाशाच्या फडांच्या राहुट्या पडतात आणि यात्रांच्या सुपाऱ्या ठरतात, त्याच्याच पूर्वेस खोडदच्या शिवारात गेल्या शतकाच्या अखेरीस जे उभे राहिले, त्याचे नाते इंग्लंडातील एका तरुण वादकमंडळाच्या तबकडीशी जुळते, ही हकीकतही त्या दप्तरात दाखल व्हावयास हवी.

मँचेस्टरच्या 'जॉय डिव्हिजन' या मंडळींची 'अननोन प्लेझर्स' ही तबकडी जून १९७९ मध्ये निघाली. स्टॉकपोर्टच्या स्टुडिओत ती ध्वनिमुद्रित करताना निर्माता मार्टिन हॅनेट याने तालवाद्यसंचातील एकेक वाद्य वेगळे वाजवून घेतले, आणि त्यातून जो रिक्त, थंड, घुमणारा नाद निर्माण झाला, तो पुढे 'पोस्ट-पंक' आणि 'डार्कवेव्ह' संगीताचा आदर्श ठरला. वेष्टनाच्या दर्शनी बाजूस मंडळाचे नाव नाही. काळ्या भूमीवर एकाखाली एक रचलेल्या शुभ्र, डोंगररांगांसारख्या रेघा तेवढ्या आहेत.

त्या रेघा कोणा चित्रकाराच्या कल्पनेतून उतरलेल्या नाहीत. १९६७ साली केंब्रिजच्या संशोधक विद्यार्थिनी जोसलिन बेल यांना आकाशातून दर १.३३७ सेकंदांनी येणारा एक नियमित रेडिओ-स्पंद आढळला. तो पाठविणारा तारा म्हणजेच सापडलेला पहिला पल्सार. पुढे आरेसिबोच्या दुर्बिणीने टिपलेले त्याचे लागोपाठचे स्पंद हॅरॉल्ड क्राफ्ट याने आपल्या १९७० च्या प्रबंधात एकाखाली एक मांडले. तो आलेख खगोलशास्त्राच्या एका विश्वकोशात छापला गेला, तेथून तो वादकांच्या हाती लागला, आणि वेष्टनाचा आरेखक पीटर सॅव्हिल याने त्याच्या काळ्या रेघा पांढऱ्या करून तो वेष्टनावर चढविला.

असल्या स्पंदांचाही माग काढता यावा म्हणून रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी एका महाकाय रेडिओ-दुर्बिणीसाठी खोडदची जागा मुक्रर केली, कारण भोवतालच्या डोंगरांची आड आणि शहरांपासूनचे अंतर यांमुळे मानवनिर्मित रेडिओ-गोंगाट येथे कमी होता, आणि तरीही पुणे फार लांब नव्हते. या दुर्बिणीच्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकांपैकी १४ मध्यभागी आणि १६ तीन भुजांवर, सुमारे २५ किलोमीटरांच्या पसाऱ्यात उभी आहेत. पत्र्याऐवजी दोरखंडांच्या सांगाड्यावर पोलादी तारांची जाळी ताणल्यामुळे वारा आरपार निघून जातो, सांगाडा हलका राहतो आणि खर्चही आटोक्यात येतो.

मँचेस्टरच्या मंडळींनी त्या आलेखाची केवळ आकृती उचलली. तिच्यातील कालमापनाशी त्यांना कर्तव्य नव्हते, आणि कलेला तशी मुभा असतेच. खोडदला मात्र स्पंद येण्याच्या वेळेतील अतिसूक्ष्म फरकाचाही जमाखर्च ठेवला जातो. जून २०२३ मध्ये भारतीय आणि युरोपीय शास्त्रज्ञांनी अशाच फरकांवरून गुरुत्वीय लहरींच्या विश्वव्यापी कंपनाचा जो पुरावा जाहीर केला, त्यात या जमाखर्चाचा वाटा होता. जुन्नरच्या इतिहासाचे पुढचे प्रकरण लिहिणाऱ्यास, म्हणून, शिलालेखांच्या ठशांबरोबर या वेळापत्रकांचाही अभ्यास करावा लागेल.