विंडोजवरील पर्ल आज्ञावल्यांतील सामान्य अडचणी

पर्ल ही लॅरी वॉल यांनी तयार केलेली संगणकीय भाषा असून तिची पहिली आवृत्ती १८ डिसेंबर १९८७ रोजी प्रसिद्ध झाली. मजकुराची छाननी, याद्यांची जुळणी आणि अहवाल तयार करणे यांसाठी ती विशेष वापरली जाते. ही भाषा युनिक्स संचालन प्रणालीवर घडली. त्यामुळे फाइलींचे मार्ग, ओळींचा शेवट, अवतरणचिन्हे आणि अक्षरांचे संकेतन यांबाबतची तिची गृहीतके विंडोजवर जशीच्या तशी लागू पडत नाहीत. विंडोजवर पर्ल वापरताना येणाऱ्या बहुतेक अडचणींचे मूळ या फरकात असते. मराठी मजकूर हाताळताना त्यांत आणखी भर पडते, कारण अनेकदा आज्ञावली कोणतीही सूचना न देता चुकीचे उत्तर देते.

या लेखातील उदाहरणांसाठी सातारा जिल्ह्यातील ११ आणि सांगली जिल्ह्यातील १० तालुक्यांची यादी घेतली आहे. आज्ञा व मोड्यूल यांची नावे उच्चारानुसार देवनागरीत दिली असली, तरी प्रत्यक्ष आज्ञावलीत ती रोमन लिपीतच लिहावी लागतात.

स्थापना आणि चालवण्यातील अडचणी

विंडोजसोबत पर्ल येत नाही. ते स्वतंत्रपणे बसवावे लागते. स्ट्रॉबेरी पर्ल आणि अ‍ॅक्टिव्हपर्ल ही त्याची परिचित वितरणे आहेत. स्ट्रॉबेरी पर्लमध्ये सी भाषेचा कंपायलरही असल्यामुळे सीपॅन या संग्रहातील अनेक मोड्यूल थेट बांधून घेता येतात.

'पर्ल' ही आज्ञा ओळखता येत नाही, असा संदेश आल्यास 'पाथ' या चलात पर्लच्या फोल्डरचा समावेश आहे का, हे पाहावे. हे चल बदलल्यानंतर आधीपासून उघडी असलेली आज्ञा-खिडकी बंद करून नवी उघडावी लागते.

बसवलेले मोड्यूल सापडत नसल्यास संगणकावर दोन पर्ल असण्याची शक्यता असते. गिट फॉर विंडोजसोबत त्याचे स्वतःचे पर्ल येते. एका पर्लमध्ये बसवलेले मोड्यूल दुसऱ्याला दिसत नाही. 'व्हेअर पर्ल' या आज्ञेने कोणते पर्ल प्रथम सापडते, ते कळते. आज्ञावलीच्या शेजारी ठेवलेले मोड्यूल सापडत नसेल, तर कारण वेगळे असू शकते. २०१७ साली आलेल्या ५.२६ या आवृत्तीपासून पर्ल चालू फोल्डरमध्ये आपोआप मोड्यूल शोधत नाही. तो मार्ग 'यूज लिब' या आज्ञेने सांगावा लागतो.

आज्ञावलीवर दोनदा टिचकी मारल्यास खिडकी उघडून लगेच मिटते आणि त्रुटीचा संदेश वाचता येत नाही. त्यामुळे आज्ञा-खिडकीतूनच आज्ञावली चालवणे इष्ट ठरते. फाइलीचे नुसते नाव देऊन ती चालवल्यावर पुढे दिलेली माहिती आज्ञावलीपर्यंत पोहोचत नसेल, तर 'एफटाइप' आज्ञेने दिसणाऱ्या नोंदीच्या शेवटी '%*' ही चिन्हे आहेत का, हे तपासावे.

मार्ग आणि अवतरणचिन्हे

विंडोजच्या मार्गात '\' हे चिन्ह येते. पर्लमध्ये दुहेरी अवतरणातील या चिन्हाला वेगळा अर्थ आहे: त्यापुढे 'एन' हे रोमन अक्षर आल्यास नवी ओळ आणि 'टी' आल्यास टॅबची मोकळी जागा तयार होते. परिणामी मार्ग बिघडतो आणि फाइल सापडत नाही. पर्लच्या आज्ञावलीत '/' वापरल्यास ही अडचण टळते. फाइल उघडताना विंडोजला हे चिन्ह चालते. मात्र आज्ञा-खिडकीच्या स्वतःच्या आज्ञांमध्ये '/' हे पर्याय दर्शवण्यासाठी वापरले जात असल्याने तेथे '\' ठेवावे.

युनिक्सच्या पुस्तकांतील एका ओळीच्या आज्ञावल्या एकेरी अवतरणात असतात. विंडोजच्या आज्ञा-खिडकीत एकेरी अवतरणाला महत्त्व नसल्याने त्या चालत नाहीत. बाहेर दुहेरी अवतरण द्यावे आणि आतील मजकुरासाठी पर्लची 'क्यूक्यू' ही रचना वापरावी.

तसेच '*' हे चिन्ह विंडोजची आज्ञा-खिडकी उलगडून देत नाही. ते काम पर्लच्या 'ग्लॉब' या आज्ञेकडून करून घ्यावे लागते. ही आज्ञा मोकळ्या जागेवर मजकूर तोडते. 'कवठे महांकाळ' नावाच्या फोल्डरमधील फाइली मागितल्यास तिला 'कवठे' आणि 'महांकाळ' असे दोन शोध दिसतात. 'फाइल::ग्लॉब' या मोड्यूलमधील 'बीएसडी_ग्लॉब' वापरल्यास नाव अखंड राहते.

ओळींचा शेवट आणि उघड्या फाइली

विंडोजवर ओळीचा शेवट दोन चिन्हांनी, तर लिनक्सवर एका चिन्हाने होतो. विंडोजवरील पर्ल मजकूर वाचताना व लिहिताना हा बदल आपोआप करते. चित्रे किंवा झिप फाइली हाताळताना हाच बदल त्यांची हानी करतो; त्यामुळे अशा फाइलींवर 'बिनमोड' लावणे आवश्यक असते. उलट, विंडोजवर तयार केलेली यादी लिनक्सवर वाचल्यास 'चॉम्प' नंतरही एक अदृश्य चिन्ह उरते आणि जुळणी फसते.

उघडी असलेली फाइल पुसण्याचा किंवा तिचे नाव बदलण्याचा प्रयत्न केल्यास विंडोज बहुधा परवानगी नाकारते. आधी फाइल बंद करावी. ती एक्सेलमध्ये उघडी असल्यासही हाच संदेश येऊ शकतो.

देवनागरी मजकूर

आज्ञावली यूटीएफ-८ संकेतनात जतन केली असली, तरी 'यूज यूटीएफ८' ही ओळ लिहिल्याशिवाय पर्ल तिच्यातील मराठी शब्दांना अक्षरे न मानता बाइट मानते. 'सातारा' या शब्दाची लांबी त्यामुळे १८ येते. ही ओळ लिहिल्यावर ती ६ होते, कारण काना हेही स्वतंत्र चिन्ह मोजले जाते. वाचकाला दिसणारी ३ अक्षरे मोजायची असल्यास '\' आणि मोठे रोमन 'एक्स' ही खूण वापरावी लागते. 'सांगली' या शब्दासाठीही हेच तीन आकडे येतात. फाइली वाचताना व लिहिताना संकेतन स्वतंत्रपणे नमूद करावे लागते.

आज्ञा-खिडकीत चौकोन किंवा अनोळखी चिन्हे दिसली, तरी मजकूर बिघडलाच असे नाही. 'सीएचसीपी ६५००१' ही आज्ञा देऊन पाहावी आणि फाइलीत लिहिलेला मजकूर नोटपॅडमध्ये उघडून खात्री करावी. एक्सेलमधून साधी सीएसव्ही फाइल जतन केल्यास मात्र देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे येतात आणि त्यांतून मूळ अक्षरे परत मिळवता येत नाहीत. यूटीएफ-८ सीएसव्ही हा पर्याय निवडावा. त्यात आरंभी एक अदृश्य चिन्ह असते. ते काढले नाही, तर पहिल्या स्तंभाचे शीर्षक जुळत नाही.

फाइलीचेच नाव देवनागरीत असल्यास अडचण वाढते. पर्लच्या नेहमीच्या आज्ञा विंडोजच्या जुन्या, मर्यादित अक्षरसंचाच्या सोयीतून फाइली उघडतात आणि त्या संचात देवनागरी नसते. 'विन३२::लाँगपाथ' हे मोड्यूल वापरणे किंवा फाइलींची नावे रोमन लिपीत ठेवणे, हे त्यावरील उपाय आहेत.

श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतींतील मजकूर विशिष्ट फाँटमुळेच मराठी दिसतो. आत निराळेच संकेतांक असतात. तो आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा लागतो.

सूचना न देणाऱ्या चुका

'कऱ्हाड' हे नाव किमान तीन प्रकारे साठवले जाऊ शकते. त्यातील 'ऱ' हे एकच चिन्ह असू शकते, 'र' आणि नुक्ता मिळून झालेले असू शकते किंवा 'र', हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह यांतून बनलेले असू शकते. पडद्यावर तिन्ही सारखी दिसतात, पर्लला मात्र ती तीन भिन्न नावे वाटतात. त्यामुळे २१ तालुक्यांच्या अहवालात २३ ओळी येऊ शकतात आणि एकाच तालुक्याची बेरीज तीन ठिकाणी विभागली जाते. 'युनिकोड::नॉर्मलाइज' मधील 'एनएफसी' पहिल्या दोन रूपांना एक करते. तिसरे रूप स्वतंत्रपणे बदलावे लागते. 'कराड' हे प्रचलित लेखन आणखी निराळे असल्याने त्यासाठी पर्यायी नावांची सारणी ठेवावी लागते.

मराठी अंकांबाबतही असेच घडते. अंक ओळखणारी पर्लची खूण '१२' हा मजकूर अंक म्हणून स्वीकारते, परंतु बेरजेत त्याची किंमत शून्य धरली जाते. सांगलीच्या बाजारातील हळदीच्या पोत्यांची यादी अशा रीतीने तपासणीत उत्तीर्ण होऊनही एकूण शून्य दाखवू शकते. 'यूज वॉर्निंग्ज' लिहिले असल्यासच याची सूचना मिळते. बेरजेपूर्वी 'टीआर' या क्रियेने देवनागरी अंकांचे इंग्रजी अंक करून घ्यावेत.

साधी वर्गवारी युनिकोड क्रमांकानुसार होते. त्या क्रमात 'ळ' हा 'ल' नंतर येतो, तर मराठी वर्णमालेत तो 'ह' नंतर येतो. त्यामुळे 'वाळवा' हे नाव 'वासुंबे' या नावाच्या आधी लागते. मराठी क्रमासाठी 'युनिकोड::कोलेट::लोकेल' हे मोड्यूल उपलब्ध आहे.

तपासणीचा क्रम

अडचण आल्यास प्रथम कोणते पर्ल चालत आहे, ते पाहावे. त्यानंतर 'यूज स्ट्रिक्ट' व 'यूज वॉर्निंग्ज' या ओळी आहेत का, हे तपासावे. फाइल उघडण्याच्या प्रत्येक आज्ञेपुढे 'ऑर डाय' लिहून त्रुटीचे कारण छापून घ्यावे. मग मार्ग, ओळींचा शेवट आणि संकेतन या क्रमाने शोध घ्यावा. मराठी याद्यांच्या बाबतीत निकालातील ओळींची संख्या आणि एखादी बेरीज हाताने पडताळून पाहावी, कारण त्रुटीचा संदेश न येणे म्हणजे उत्तर बरोबर असणे नव्हे.