पडद्याचा पत्ता

आयबीएमने १९८१ साली आणलेल्या पीसीत पडदा म्हणजे मेमरीतलीच एक जागा होती. रंगीत पडद्यावरचा मजकूर बी८००० या पत्त्यापासून सुरू होई. ८० अक्षरांच्या २५ ओळी, प्रत्येक अक्षराला दोन बाइट : एक अक्षराचा, दुसरा रंगाचा. पहिल्या बाइटमध्ये ६५ ठेवला की डाव्या कोपऱ्यात इंग्रजी 'ए' उमटे. कुणाला विचारायचे नाही. त्यामुळेच एका प्रोग्रॅमची चूक खुद्द डॉसची मेमरीही खराब करू शके.

या उघड्या वाड्याला इंटेलने १९८२ च्या २८६ प्रोसेसरमध्ये दार बसवले. त्याच्या प्रोटेक्टेड मोडमध्ये प्रोग्रॅमला थेट जागा सांगता येत नाही. आधी एका तक्त्यातली नोंद दाखवावी लागते, आणि त्या नोंदीत मेमरीच्या तुकड्याची सुरुवात, लांबी आणि हक्क लिहिलेले असतात. पण डॉस जुन्याच मोडमध्ये चाले, आणि २८६ ला तिकडे परतण्याची वाटच ठेवलेली नव्हती! १९८४ च्या पीसी एटीतला तोडगा मला या इतिहासातला सर्वांत गमतीदार वाटतो : पुढे कुठून सुरू करायचे ते बॅटरीवरच्या मेमरीत सुचवून ठेवायचे आणि कीबोर्ड सांभाळणाऱ्या चिपकरवी प्रोसेसरच रीसेट करायचा.

१९८५ च्या ३८६ ने ही कसरत संपवली. मग आले डॉस एक्स्टेंडर, आणि १९९० मध्ये मायक्रोसॉफ्ट, इंटेल, लोटस, बोरलँड आदींच्या समितीने केलेला डीपीएमआय हा करार. पडद्याची जागा आता मागून घ्यायची होती. पहिल्या मेगाबाइटमधल्या जागेसाठी एक विनंती, त्याहून वर बसलेल्या व्हिडिओ कार्डाच्या मेमरीसाठी वेगळी.

प्रत्यक्षात दोन घराणी झाली. डॉस/४जीडब्ल्यूने प्रोग्रॅमचा तुकडा शून्यापासूनच सुरू केला. त्यामुळे ग्राफिक्सच्या ए०००० या पत्त्यावर लिहिले की थेट पडद्यावर. १९९३ चा 'डूम' त्यावरच चालला. डी. जे. डेलोरी यांच्या डीजेजीपीपीत मात्र प्रोग्रॅमचा शून्य आणि यंत्राचा शून्य वेगळे. पडद्याला हात लावायचा तर वेगळी नोंद वापरायची, म्हणजे वेळ जास्त. 'डूम'च्या वेगाचे कौतुक सगळेच करतात. माझे मत डीजेजीपीपीच्या बाजूने आहे, कारण भरकटलेला पॉइंटर तिथे बहुधा शेजाऱ्याच्या घरात शिरण्याआधीच पकडला जाई. तरी वेगाचा मोह त्यांनाही सुटला नाही. तुकड्याची मर्यादा ४ जीबीपर्यंत ताणून सगळे संरक्षण उठवणारे एक फंक्शन त्यांनीच दिले, आणि यंत्र कोलमडेल, माहिती जाईल, असा इशाराही त्याच्या माहितीत लिहून ठेवला.