ओव्हल मैदानावरची मिस्सा : मुंबई, १९६४

२८ नोव्हेंबर ते ६ डिसेंबर १९६४ असे नऊ दिवस मुंबईत ३८वी आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेस भरली होती. काँग्रेस म्हटलं की आपल्याकडे लगेच पक्ष आठवतो, म्हणून आधीच खुलासा केलेला बरा. मिस्साबलिदानात भाकर आणि द्राक्षारस अर्पण होतो; कॅथलिक श्रद्धेप्रमाणे तो ख्रिस्ताचं शरीर आणि रक्त होतो. या प्रसादाच्या, म्हणजे युकॅरिस्टच्या, भक्तीसाठी जगभरचे कॅथलिक ठरावीक वर्षांनी एका शहरात जमतात, तो हा मेळावा. पहिला भरला १८८१ मध्ये, फ्रान्समधल्या लील शहरात. एमिली तामिसिए या बाईंनी त्यासाठी वर्षानुवर्षं खटपट केली होती. तेव्हाचं फ्रेंच प्रजासत्ताक धर्माला सार्वजनिक जीवनातून बाहेर काढू पाहत होतं, आणि त्यावर श्रद्धाळूंचं उत्तर असं की, आम्ही रस्त्यावर येऊन दाखवतो. तेव्हा उघड्यावर, गर्दीनं, शहराच्या मध्यभागी उभं राहणं हे या मेळाव्याच्या जन्मापासूनच त्याच्या अंगात आहे.

आता पुढची यजमान शहरं बघा. १९२६ मध्ये शिकागो, १९३२ मध्ये डब्लिन, १९३७ मध्ये मनिला (आग्नेय आशियातला हा पहिला मेळावा), १९५२ मध्ये बार्सिलोना, १९६० मध्ये म्युनिक. बार्सिलोनात तर काँग्रेसच्या निमित्तानं गरिबांसाठी घरांची एक आख्खी वस्तीच उभी राहिली. या प्रत्येक ठिकाणी कॅथलिक बहुसंख्य तरी होते, नाहीतर नगरपालिका हलवून सोडण्याइतके वजनदार तरी. मुंबईत त्यांची संख्या लोकसंख्येच्या मानानं मूठभर. शिवाय गोवा भारतात येऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती. अशा शहरात जगाला बोलवायचं, तर बोलावणारा कोण? निमंत्रण कोणाच्या नावानं जाणार? आम्हांला या सगळ्या प्रकरणात हाच प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि त्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

मुंबईच्या कॅथलिकांना जवळजवळ दोनशे वर्षं दोन धनी होते. १५३४ च्या तहानं गुजरातच्या सुलतानानं वसई आणि तिच्याबरोबर मुंबईची बेटं पोर्तुगीजांना दिली. पोपनं पोर्तुगालच्या राजाला एक हक्क दिला होता, त्याला म्हणत पाद्रोआदो. पूर्वेकडच्या देशांत चर्चेस राजानं बांधायची, पोसायची, आणि बदल्यात बिशप कोण होणार ते राजानं सुचवायचं. पुढे मुंबई इंग्रजांकडे गेली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, पण राजाचा हक्क कागदावर तसाच राहिला. इंग्रजांना आपल्या बेटावर गोव्याच्या आर्चबिशपची सत्ता नको होती. १७२० मध्ये त्यांनी पोर्तुगीज धर्मगुरूंना घालवून दिलं आणि कार्मेलाइट आणले, ते थेट रोमच्या प्रोपगांडा या खात्याच्या हाताखालचे. मग भांडणं लागली. शेवटी १७९४ मध्ये कंपनी सरकारनं चर्चेसची वाटणी केली : काही गोव्याची, काही रोमची. वडिलोपार्जित जमीन भावांत वाटतात, तशी ही वाटणी! एकाच गावठाणातले दोन शेजारी, देव एक, मिस्सा एक, पण एकाचा बिशप वेगळा आणि दुसऱ्याचा वेगळा.

हे १९२८ पर्यंत चाललं. तेव्हा तडजोड निघाली ती आणखीच गमतीची. मुंबईचा धर्मप्रांत एक झाला, पण आर्चबिशप आळीपाळीनं एकदा पोर्तुगीज आणि एकदा ब्रिटिश व्हायचा. त्याप्रमाणे आधी जोआकिम लिमा आले, मग १९३७ मध्ये इंग्रज जेझुइट टॉमस रॉबर्ट्स. या व्यवस्थेत भारतीय माणसाची पाळी कधी यायची? कधीच नाही. रॉबर्ट्स हा खमक्या माणूस होता. १९४६ मध्ये त्यांनी वलेरियन ग्रेशियस यांना आपले सहायक बिशप केलं, कारभार त्यांच्या हाती सोपवला आणि स्वतः मुंबईबाहेर पडले. खुर्ची रिकामी नाही आणि भरलेलीही नाही, अशी अवस्था. १९५० मध्ये पोर्तुगालनं रोमशी करार करून मुंबईवरचा हा हक्क सोडला आणि त्याच वर्षी ग्रेशियस आर्चबिशप झाले. १९५३ मध्ये ते कार्डिनल झाले, भारतातले पहिले. जन्म कराचीचा, घराणं गोव्याचं.

तर १९६४ मध्ये जगाला बोलावणारा माणूस हा. त्याच्या नावाआधी ना लिस्बनची मोहोर लागत होती, ना लंडनची.

तयारी चालू असतानाच दोन गोष्टी घडल्या. २७ मे रोजी नेहरू गेले. आणि १८ ऑक्टोबरला, रोममध्ये युगांडाच्या हुतात्म्यांना संतपद देण्याच्या सोहळ्यात, पोप पॉल सहावे यांनी जाहीर केलं की आपण स्वतः मुंबईला जाणार. त्याआधी कुठलाही पोप भारतात आलेला नव्हता. यजमानांच्या हातात उरले सहा आठवडे.

पाहुणा मोठा असला की घरातली अडचण उघडी पडते. १९६४ साल महागाईचं आणि धान्यटंचाईचं. अमेरिकेतून मदतीचा गहू बोटींनी येत होता, धान्याच्या दुकानांपुढे रांगा होत्या. राज्यात दारूबंदीचा कायदा लागू होता. म्हणजे भाकर आणि द्राक्षारस यांचा उत्सव, आणि राज्यात एकाची टंचाई, दुसऱ्यावर बंदी! अर्थात १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यात धार्मिक विधीसाठी लागणाऱ्या द्राक्षारसाला परवानगीची तरतूद होती, त्यामुळे वेदीपाशी काही अडलं नाही. राहण्याची सोय हा वेगळाच घोर. आज आपल्याला दिसतात ती मोठी हॉटेलं तेव्हा नव्हती. ताजचा मनोरा आणि नरिमन पॉइंटचं ओबेरॉय ही दोन्ही १९७० नंतरची.

जागेची निवड मात्र हुशारीची म्हणायची. ओव्हल मैदान. पूर्वेला उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर, पश्चिमेला १९३०च्या दशकातल्या आर्ट डेको इमारतींची रांग, आणि चर्चगेट स्टेशन पायी पाच-सात मिनिटांवर. मैदान मोकळं, सगळ्या बाजूंनी दिसणारं, आणि कुठल्याच धर्माचं नसलेलं. एरवी तिथे क्रिकेट चालतं. एखाद्या चर्चच्या आवारात हा सोहळा झाला असता तर तो कॅथलिकांचा घरगुती राहिला असता. ओव्हलवर झाला म्हणून तो शहराचा झाला. शिवाय वसई, वांद्रे, माहीम इथला सामान्य भाविक लोकलनं येऊन मिस्सा ऐकून रात्री घरी परत जाऊ शकत होता. आम्हांला वाटतं, पश्चिम रेल्वे हीच या काँग्रेसची खरी यजमानीण.

२८ तारखेला सोहळा सुरू झाला तेव्हा पोपचे प्रतिनिधी म्हणून कार्डिनल आगाजानियन होते. हे आर्मेनियन, आणि प्रोपगांडा खात्याचे प्रमुख. ज्या खात्यानं १७२० पासून मुंबईत पोर्तुगीज हक्काशी झुंज घेतली, त्याचाच प्रमुख भारतीय कार्डिनलच्या घरी पाहुणा! लिस्बनला हे दिसलं नसेल असं कोण म्हणेल?

लिस्बनला पोपच्या भेटीचा रागच आला होता. सालाझार सरकारच्या दृष्टीनं गोवा हा बळकावलेला पोर्तुगीज प्रदेश होता, आणि बळकावणाऱ्याच्या घरी पोपनं जाणं हा अपमान होता. परराष्ट्रमंत्री फ्रांकू नोगेरा यांनी तशी जाहीर नाराजी व्यक्त केली आणि तिथल्या सेन्सॉरनं या भेटीच्या बातम्या दाबल्या. म्हणजे बघा, शतकानुशतकं पूर्वेत चर्च पोसण्याचा अभिमान सांगणाऱ्या राज्यात, पूर्वेतल्या पहिल्या एवढ्या मोठ्या पोपभेटीची बातमी धड छापू दिली नाही. रोमनं समतोल साधला. २१ नोव्हेंबरला पोपनी पोर्तुगालमधल्या फातिमाच्या तीर्थस्थानाला सुवर्णगुलाब देण्याची घोषणा केली. आणि मुंबईला आले तरी गोव्याला ते गेले नाहीत, खरं तर त्याच हिवाळ्यात जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांचं शवप्रदर्शन चालू होतं. दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून वाचायच्या असं आमचं मत आहे.

इकडे देशातही विरोध होता. धर्मांतराची शंका घेतली जात होती, हिंदू संघटना बोलत होत्या. याच वर्षी ऑगस्टमध्ये, गोकुळाष्टमीला, पवईच्या सांदीपनी आश्रमात विश्व हिंदू परिषदेची स्थापना झाली, आणि त्या काळच्या चर्चेत या येऊ घातलेल्या काँग्रेसचा संदर्भ येतो. ही शंका द्वेषातूनच आली असं म्हणून उडवून लावणं सोपं आहे, पण वसई-गोव्याचा सोळाव्या शतकातला इतिहास माहीत असलेल्याला तसं म्हणता येणार नाही. पाडलेल्या देवळांची आठवण खोटी नव्हती. प्रश्न एवढाच की तिचं उत्तर १९६४ मधल्या वांद्र्याच्या किंवा वसईच्या शेतकऱ्यानं का द्यावं.

२ डिसेंबरला पोप एअर इंडियाच्या बोइंग विमानानं, वाटेत बैरूतला थांबून, सांताक्रूझला उतरले. त्या दिवशी टपाल खात्यानं एक तिकीट काढलं, त्यावर संत थॉमसचं चित्र. हे तिकीट आम्हांला फार बोलकं वाटतं. परंपरेप्रमाणे थॉमस पहिल्या शतकात केरळात आला, म्हणजे वास्को द गामाच्या कितीतरी आधी. भारत सरकारनं एवढ्याशा चौकटीत सांगून टाकलं की ख्रिस्ती धर्म इथे पोर्तुगीजांच्या जहाजातून आलेला नाही. पोपला रस्त्यावर पाहायला आलेली गर्दी लाखांत होती, आणि तिच्यात कॅथलिक थोडे. बहुतेक जण कोणी मोठा साधुपुरुष आलाय म्हणून दर्शनाला उभे.

३ तारखेला राष्ट्रपती राधाकृष्णन यांची भेट झाली. त्याच दिवशी ओव्हलवर पोपनी निरनिराळ्या देशांतल्या सहा जणांना बिशपपदाची दीक्षा दिली. आणि इतर धर्मांच्या प्रतिनिधींसमोर बोलताना त्यांनी बृहदारण्यक उपनिषदातली असत्याकडून सत्याकडे नेण्याची प्रार्थना उद्धृत केली. आज हे सहज वाटतं. पण इतर धर्मांबद्दलचा व्हॅटिकन परिषदेचा जाहीरनामा मंजूर व्हायला अजून जवळजवळ एक वर्ष होतं. पोप मुंबईत आधी बोलले, कागद मागून आला. काँग्रेसच्या आधी मुंबईतच एक परिसंवाद झाला होता, त्यात हान्स क्युंग आणि रायमुंदो पणिक्कर यांच्यासारखे विचारवंत याच प्रश्नावर बोलले होते. ४ तारखेला पत्रकारांसमोर पोपनी जगातल्या राष्ट्रांना आवाहन केलं की शस्त्रांवरचा थोडा तरी खर्च काढून गरीब देशांसाठी जागतिक निधी उभारा. १९६७ च्या आपल्या विकासविषयक परिपत्रकात त्यांनी मुंबईतल्या या आवाहनाची आठवण दिली आहे. धान्याच्या रांगा असलेल्या शहरात उभं राहून नुसती भक्तीची भाषा करता येत नव्हती. इथे यजमानानं पाहुण्याच्या तोंडी शब्द घातले, असं आम्ही म्हणू.

पोपना वापरायला अमेरिकेतून पांढरी लिंकन मोटार आली होती. जाताना ती त्यांनी मदर तेरेसांना दिली. बाईंनी त्या मोटारीची सोडत काढली आणि आलेला पैसा कुष्ठरोग्यांच्या कामाला लावला. व्यवहार चोख!

एक गोष्ट मात्र खटकते. मुंबईचे मूळचे कॅथलिक, म्हणजे ज्यांनी १८८७ मध्ये ईस्ट इंडियन हे नाव घेतलं ते, आणि वसईचे शेतकरी व कोळी, यांची घरातली भाषा मराठीची एक बोली. अहमदनगर जिल्ह्यात १९०३ मध्ये सुरू झालेल्या 'निरोप्या' मासिकापासून मराठी कॅथलिक लेखनाची परंपरा होती. पण जगाच्या स्मरणात या सोहळ्याची भाषा राहिली लॅटिन आणि इंग्रजी. लोकभाषेत उपासना करायची मोकळीक परिषदेनं डिसेंबर १९६३ मध्येच दिली होती. गोव्याचा की मुंबईचा, इंग्रजांचा की पोर्तुगीजांचा, हा वाद मिटला. पण ज्यांच्या गावठाणांवर हे शहर वाढलं त्यांची बोली ओव्हलच्या व्यासपीठापासून लांबच राहिली. वसईला स्वतःचा धर्मप्रांत मिळाला तो १९९८ मध्ये.

आणि गोवा? तिथले पोर्तुगीज आर्चबिशप अल्वेर्नाझ १९६२ मध्येच निघून गेले होते, पण पदावर नाव त्यांचंच. रोमनं कारभारासाठी गोव्याचाच माणूस नेमला, खुर्ची मात्र भरली नाही. १९७४ मध्ये पोर्तुगालमध्ये क्रांती झाली, वर्षअखेर त्यांनी गोव्यावरची भारताची सत्ता मान्य केली, १९७५ मध्ये अल्वेर्नाझ यांचा राजीनामा आला आणि १९७८ मध्ये राऊल गोन्साल्विस आर्चबिशप झाले. पोप गोव्यात पोचले ते १९८६ च्या फेब्रुवारीत, दुसरे जॉन पॉल.