‘शिरीन’ : एका फारसी स्त्रीनामाचा अर्थ व इतिहास

व्यक्तिनामावरून धर्म ठरविण्याची सवय आपल्याकडे अभ्यासकांनाही सुटलेली नाही. ‘शिरीन’ हे नाव या संदर्भात तपासून पाहण्यासारखे आहे. मुंबईत ते ऐकताच पारशी कुटुंब डोळ्यांसमोर येते. अन्यत्र ते मुसलमानी समजले जाते. परंतु ज्या स्त्रीमुळे हे नाव इतिहासात प्रसिद्ध झाले, ती ख्रिस्ती होती.

फारसीत ‘शिरीन’ म्हणजे गोड, मधुर. ‘शीर’ म्हणजे दूध. त्याला ‘ईन’ हा विशेषण करणारा प्रत्यय लागून हा शब्द झाला, अशी व्युत्पत्ती मानली जाते. ‘रंगीन’, ‘नमकीन’ यांतला प्रत्यय तोच. ‘शीर’ हा संस्कृत ‘क्षीर’ शब्दाचा सगोत्र आहे. त्यामुळे मराठीतील खीर आणि शीरखुर्मा ही दूरची का होईना, भावंडे ठरतात. ‘शिरणी वाटणे’ यातील शिरणी तर थेट फारसी ‘शिरीनी’, म्हणजे मिठाई. आजच्या इराणी उच्चारात दूध आणि सिंह या दोहोंनाही ‘शीर’च म्हणतात. जुन्या फारसीत सिंह ‘शेर’ होता आणि हिंदुस्थानी फारसीने तो भेद जपला. म्हणूनच या नावाचा अर्थ लावताना सिंह मधे आणण्याचे कारण नाही.

ऐतिहासिक शिरीन ही सासानी सम्राट दुसरा खुस्रो (कारकीर्द इ.स. ५९० ते ६२८) याची राणी. आर्मेनियन इतिहासकार सेबेओस तिला खुजिस्तानची म्हणतो आणि राजवाड्याजवळ तिने मठ व चर्च बांधल्याचे नोंदवितो. याहून बोलका पुरावा खुस्रोच्या पत्राचा आहे. शिरीनला मूल व्हावे म्हणून त्याने रुसाफा येथील संत सर्जियसच्या स्थानाला नवस केला आणि तो फळल्यावर भेटी पाठविल्या. त्यासोबतच्या पत्रात, आपल्या धर्माच्या नियमाविरुद्ध आपण ख्रिस्ती स्त्रीशी विवाह केला, हे तो उघड सांगतो. हे पत्र एव्हॅग्रियस या ग्रीक इतिहासकाराने खुस्रोच्या हयातीतच उतरवून ठेवले. जरथुष्ट्री सम्राटाने ख्रिस्ती संताला नवस बोलावा, ही बाब धर्मसीमांविषयीच्या आपल्या ठोकळेबाज कल्पनांना धक्का देणारी आहे.

कवींनी मात्र वेगळीच शिरीन घडविली. इ.स. १०१० मध्ये पूर्ण झालेल्या ‘शाहनाम्या’त फिरदौसीने तिच्यावर सवतीला विष दिल्याचा आळ ठेवला, तरीही खुस्रोच्या वधानंतर सावत्र मुलगा शेरोये याची मागणी धुडकावून पतीच्या कबरीपाशी विष घेणारी मानिनीही तीच. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात निजामीने तिला आर्मेनियाची राजकन्या केले आणि तिच्यासाठी बेहिस्तूनचा पहाड फोडणारा फरहाद तिच्याशी कायमचा जोडला. अमीर खुस्रोने तेराव्या शतकाच्या अखेरीस हीच कथा दिल्लीत फारसीत पुन्हा लिहिली.

राणीचा धर्म या काव्यांत मागे पडला. नावातला गोडवा उरला. त्यामुळेच ते मुंबईच्या शिरीनबाईंना आणि इ.स. २००३ च्या नोबेल शांतता पुरस्काराच्या मानकरी, इराणी मुस्लिम कायदेतज्ज्ञ शिरीन एबादी यांना सारख्याच सहजतेने शोभले. इराणच्या पश्चिम सीमेवरील कस्र-ए-शिरीन, म्हणजे शिरीनचा वाडा, हे गावही तिच्याच नावाचे. तेथे सासानी काळातील अवशेष आहेत. इराण-इराक युद्धात इ.स. १९८० मध्ये ते इराकच्या ताब्यात गेले आणि उद्ध्वस्त झाले. पुढे ते त्याच नावाने पुन्हा वसले.