अंगावर येणारं ओझं

उतारावर बैलगाडी ‘अंगावर येते’ असं गाडीवान म्हणतात. चढावर बैल गाडी ओढतात, उतारावर गाडीच बैलांना ढकलायला लागते. वडखळला आमच्या घरात मात्र हे शब्द बैलगाडीसाठी नाही, ट्रेलरसाठी वापरले जायचे.

बाबांनी वीस वर्षं ट्रेलर चालवला. वडखळच्या शेजारी डोलवीला पोलादाचा कारखाना आहे. तिथून पत्र्याची अजस्र गुंडाळी, म्हणजे कॉइल, भरायची, पेणवरून खोपोली गाठायची आणि बोरघाट चढून पुण्याकडे जायचं. येताना मिळेल तो माल घेऊन तोच घाट उतरायचा. नाक्यावर गाडी लावून बाबा जेवायला आले की आई ताट वाढता वाढता विचारायची, “अंगावर नाही ना आली?”

हाच प्रश्न गेल्या वर्षी बाबांनी ताईला विचारला. ताई अमेरिकेत डेन्व्हरला असते. तिनं आणि भावजींनी जुना कॅम्पर ट्रेलर घेतला होता. आत दोन पलंग, ओटा, छोटी मोरी, आणि हे सगळं पिकअपच्या मागे जोडून डोंगरात न्यायचं. व्हिडिओ कॉलवर तिनं एक काळा डबा दाखवला. मोबाईलपेक्षा थोडा जाड, पुढे आकडे दाखवणारा पडदा, एक चक्री आणि एक सरकवायची पट्टी. “हा ब्रेक कंट्रोलर. ट्रेलरचे ब्रेक विजेवर चालतात, बाबा.”

बाबांनी डबा नीट बघितला आणि विचारलं, “आणि वायर तुटली तर?”

ताईकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं. ते शोधताना मी जिथे पोचलो, ती जागा आमच्या घरापासून फार लांब नव्हती.

घाटातली शिट्टी

बोरघाटातून गाड्या जाण्याजोगा रस्ता १८३० मध्ये खुला झाला. त्याआधी माल बैलांच्या आणि माणसांच्या पाठीवरून जायचा. चाकं आली तसा उतारही आला. बैलगाडी अंगावर आली तर ती थोपवायला बैलांची ताकद, चाकावर दाबायचा लाकडी ठोकळा आणि अगदीच वेळ आली तर चाकाखाली दगड, एवढंच हाताशी असायचं.

१८६३ मध्ये याच घाटातून ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे धावू लागली. सुमारे २५ किलोमीटरांत १८३१ फूट चढ. सगळ्यात तीव्र जागी उतार ३७ फुटांना एक फूट. रस्त्याला हे काहीच नाही, पण लोखंडी रुळावर लोखंडी चाक म्हणजे घसरगुंडी. आणि इथे ओझं एका गाडीचं नव्हतं, मागे डब्यांची माळ होती.

त्या काळी एका जागी बसून अख्ख्या गाडीला ब्रेक लावायची सोय नव्हती. इंजिनाचा ब्रेक वेगळा, ब्रेकच्या डब्यांचे वेगळे, आणि तिथे बसलेल्या माणसांनी ते हातानं आवळायचे. ड्रायव्हर शिट्टी वाजवून त्यांना इशारा देणार, त्यांनी ती ऐकायची आणि जोर लावायचा. कुणी उशीर केला, कुणाला ऐकूच आलं नाही, तर तेवढं वजन पुढच्यांच्या अंगावर.

हे इंजिनिअरांनाही कळत होतं. म्हणून घाटात ठिकठिकाणी ‘कॅच सायडिंग’ ठेवली होती. म्हणजे मुख्य मार्गातून फुटून चढावर जाणारा रूळ. सुटलेली गाडी त्यावर गेली की चढच तिला थांबवणार. खंडाळ्याजवळ तर गाडीची दिशाच उलटी करावी लागे, त्यासाठी तिथे ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ होतं. उतरणारी गाडी तिथे थांबलीच पाहिजे, कारण पुढे रूळ संपतात. जानेवारी १८६९ मध्ये घाट उतरणारी एक गाडी ब्रेकला दाद न देता नेमकी तिथेच रुळांच्या शेवटापलीकडे गेली.

दोनदा लागलेला शोध

त्याच वर्षी, १८६९ मध्ये, अमेरिकेत जॉर्ज वेस्टिंगहाऊसनं हवेच्या ब्रेकचं पेटंट घेतलं. इंजिनावर हवा दाबून भरायची, ती नळीतून प्रत्येक डब्याला द्यायची आणि सगळे ब्रेक एकदम लावायचे. शिट्टी नको, ब्रेकवाला नको. फक्त एक मोठी खोट होती. नळी फुटली की हवा गेली, आणि हवा गेली की ब्रेकही गेले. सगळ्यात गरज असेल नेमक्या त्याच वेळी.

तीन वर्षांनी, १८७२ मध्ये, त्यानं हा विचार उलटा केला. आता नळीत हवा भरलेली असेल तोवर ब्रेक सुटलेले, आणि दाब उतरला की लागलेले. लागायला हवी ती हवा प्रत्येक डब्याच्या स्वतःच्या टाकीत साठवलेली. नळी फुटली, डबा तुटला, तरी गाडी थांबणार.

माझ्या मते वेस्टिंगहाऊसचा खरा शोध हा दुसरा. पहिल्यानं ओढणाऱ्याच्या हाती मागच्या ओझ्याचा ताबा दिला. दुसऱ्यानं, तो ताबा सुटला तर काय, याचं उत्तर ओझ्यातच बसवून ठेवलं.

हे जगाला लगेच पटलं असं नाही. १८८९ मध्ये आयर्लंडमधल्या आर्मा इथे चढावर अडकलेल्या सहलीच्या गाडीचे मागचे डबे सोडवले गेले. त्या गाडीला सलग ब्रेक होता, पण जोडणी सुटली की निकामी होणारा. डबे मागे घरंगळले आणि मागून येणाऱ्या गाडीवर आदळले. सुमारे ८० माणसं गेली, त्यात बरीच लहान मुलं. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारे ब्रेक कायद्यानं सक्तीचे झाले.

बाबांच्या ट्रेलरला तोच विचार होता. पुढच्या भागाला ड्रायव्हर ‘घोडा’ म्हणतात. घोड्यापासून ट्रेलरकडे हवेच्या दोन नळ्या जातात. एक हुकूम पोचवते, दुसरी ट्रेलरची टाकी भरत राहते. ही दुसरी निघाली तर ट्रेलर स्वतःच ब्रेक लावून उभा राहतो. बाबांचा प्रश्न या सवयीतून आला होता.

वीज का?

मग अमेरिकेत छोट्या ट्रेलरला हवेचे ब्रेक का नाहीत? कारण पिकअपमध्ये हवा दाबणारा कॉम्प्रेसर नसतो. तिथे बॅटरी असते.

आर्थर वॉर्नर हा विस्कॉन्सिनमधल्या बेलॉइट गावचा माणूस. आधी मोटारींच्या स्पीडोमीटरवर त्यानं पैसा आणि नाव मिळवलं होतं. १९२७ मध्ये त्यानं तिथेच विजेच्या ब्रेकची कंपनी काढली. आज ताईच्या ट्रेलरच्या चाकात जे आहे, ते त्याच जातीचं आहे.

त्याची करामत साधी आहे. ब्रेकच्या ड्रममध्ये, एका दांडीच्या टोकाला विद्युतचुंबक बसवलेला असतो. करंट आला की तो फिरत्या ड्रमला चिकटू बघतो आणि ड्रमबरोबर थोडा ओढला जातो. दांडी हलते, ब्रेकचे शू फाकतात, लायनर ड्रमवर दाबला जातो. म्हणजे ब्रेक लावायची बरीचशी ताकद फिरत्या चाकाचीच असते. चुंबक फक्त तिला कामाला लावतो. त्यामुळे एका चाकाला १२ व्होल्टचा साधारण ३ अँपिअर करंट पुरतो.

विजेनं ओझं थोपवणं बोरघाटालाही नवं नव्हतं. साधारण त्याच सुमारास, १९२९-३० मध्ये, कल्याण-पुणे मार्गावर १५०० व्होल्टची वीज आली आणि रिव्हर्सिंग स्टेशन टाळणारा नवा मार्ग झाला. तिथली विजेची मालगाडी-इंजिनं उतारावर आपल्या मोटारी जनित्रासारख्या फिरवायची. गाडीचा वेग आवरायचा आणि तयार झालेली वीज तारेत परत जायची.

पण वॉर्नरच्या ब्रेककडे बाबांच्या नजरेनं बघा. करंट असेल तर ब्रेक, करंट नसेल तर ब्रेक नाही. हा १८६९ चा वेस्टिंगहाऊस झाला, १८७२ चा नाही. बाबांची शंका तंतोतंत खरी होती.

त्यावरचा उपाय ट्रेलरच्या दांड्यावर असतो. एक छोटी बॅटरी आणि एक ‘ब्रेकअवे’ स्विच. स्विचमधल्या पिनेला बारीक तार असते आणि तारेचं दुसरं टोक पिकअपला बांधलेलं. ट्रेलर निसटला की पिन उपसली जाते आणि बॅटरी सगळ्या चुंबकांना करंट देते. अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत सुमारे ३००० पौंडांवरच्या ट्रेलरला हे सक्तीचं आहे. मात्र हा स्विच ट्रेलर तुटला तरच कामाला येतो. नुसती ब्रेकची वायर निघाली तर पिन जागेवरच राहते. तेव्हा इशारा द्यायचं काम ताईच्या त्या काळ्या डब्याचं. ट्रेलर जोडलेला नाही असं तो पडद्यावर दाखवतो, आणि ते बघायचं काम ड्रायव्हरचं.

डबा निवडताना, लावताना

पुढचे तीन रविवार आम्ही तिघं फोनवर होतो. निवडताना दोन जाती समोर आल्या. पहिली वेळेवर चालणारी. पेडल दाबलं, ब्रेकचा दिवा लागला, की ही ठरलेल्या गतीनं करंट वाढवत नेते. तुम्ही हळू दाबलंय की जीव खाऊन, तिला कळत नाही. दुसरी प्रमाणात चालणारी. तिच्या पोटात सेन्सर असतो, पिकअप किती झपाट्यानं मंदावतेय ते तो ओळखतो आणि त्या मानानं ट्रेलरला ब्रेक लावतो. पहिली स्वस्त असते आणि सपाटीवर, हलक्या ओझ्याला चालून जाते. ताईच्या वाटेवर रॉकी पर्वतातला आय-७० महामार्ग होता. मैलोन्‌मैल उतार, आणि बाजूला सुटलेल्या ट्रकसाठी चढावर जाणारे खडीचे रस्ते, म्हणजे आपली कॅच सायडिंगच. दुसरी जात घ्यायची हे तिथेच ठरलं.

मग अँपिअरचा हिशेब. ट्रेलरला दोन आस, म्हणजे चार चाकं, चार चुंबक, साधारण १२ अँपिअर. डबा तेवढ्या आसांसाठी आहे ना, ते खोक्यावर बघायचं.

बसवायचा कुठे? ड्रायव्हरचा हात सहज पोचेल पण गुडघा आपटणार नाही अशा जागी, घट्ट, आणि तोंड सरळ. हलणाऱ्या डब्यातला सेन्सर चुकीचं वाचतो. वायरी चार: बॅटरीचा करंट आणणारी, अर्थिंगची, ब्रेकच्या पेडलाकडून येणारी आणि ट्रेलरकडे जाणारी. बॅटरीच्या वायरीवर सर्किट ब्रेकर हवाच. अर्थिंग ढिलं राहिलं तर ब्रेक कधी लागतात, कधी नाही. बाबा म्हणाले, “हे सगळीकडे सारखंच.”

शेवटी ‘गेन’, म्हणजे करंट जास्तीत जास्त किती जायचा याची मर्यादा. ताई भरलेला ट्रेलर घेऊन एका रिकाम्या, कोरड्या, सपाट मैदानात गेली. ताशी ४० किलोमीटरच्या आसपास वेग धरला, पेडलाला पाय न लावता फक्त डब्यावरची पट्टी सरकवली. पहिल्यांदा काहीच जाणवलं नाही. थोडं वाढवलं, मागून कुणी शर्ट धरल्यासारखं झालं. आणखी वाढवलं, चाकं अडकून घासली. तिथून थोडं मागे आणलं. ट्रेलरची चाकं अडकणार नाहीत पण त्याच्या अलीकडे जितका मिळेल तितका ब्रेक, हे खरं माप. ओझं बदललं की हेही पुन्हा बघायचं. रिकाम्या ट्रेलरला भरलेल्याचं माप ठेवलं तर चाकं अडकतात आणि मागचा भाग आडवा यायला बघतो.

सगळ्यात शेवटी बाबांनी पिन उपसायला लावली. ट्रेलरचा प्लग काढलेला, पिन हातात, आणि पिकअप अगदी हळू पुढे. ट्रेलर हलला नाही, चाकं धरून बसला. बाबा पहिल्यांदा हसले. “आता ती बॅटरी दर फेरीला बघ. आणि ज्या गिअरवर चढलीस त्याच गिअरवर उतर. ब्रेक गरम झाले की वीज काय नि हवा काय.”

लायनर तापले की त्यांची पकड जाते, हे कुठलाही डबा बदलू शकत नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रलवर घाट उतरणाऱ्या गाड्या आजही बोरघाटात याच कारणानं सुटतात.

नाक्यावर

ताई सुखरूप डोंगर उतरून आली. तिकडून फोटो आला त्या संध्याकाळी मी नाक्यावर चहा घेत होतो. समोरून विटांची ट्रॉली ओढत एक ट्रॅक्टर पेणकडे गेला. ट्रॅक्टर आणि ट्रॉलीमध्ये एक पिन होती. नळी नव्हती, वायर नव्हती, पिनेला बांधलेली तार नव्हती. आपल्याकडच्या अनेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेकच नसतो. घाटावर उसाच्या हंगामात अशा दोन-दोन ट्रॉल्या एकामागे एक जोडलेल्या दिसतात. भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरपेक्षा कितीतरी जड असते आणि ती थांबवायची ती ट्रॅक्टरच्याच चाकांनी.

हा उपाय महाग नाही, नवा तर नाहीच. बोरघाटात शिट्ट्या वाजत होत्या तेव्हा निदान डब्यात ब्रेक धरणारा माणूस तरी बसलेला असायचा. त्या ट्रॉलीत विटांवर दोन मजूर बसले होते. ट्रॅक्टर दिसेनासा होईपर्यंत बाबा बघत होते. मग म्हणाले, “सपाट आहे म्हणून बरंय.”