अज्ञानाचा करार व समन्याय
अज्ञान व्यक्तीचा करार भारतात मुळातच निरर्थक ठरतो. भारतीय करार कायद्याच्या (१८७२) कलम ११ चा हा अर्थ प्रिव्ही कौन्सिलने १९०३ मध्ये मोहरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात पक्का केला. कलकत्त्याच्या धर्मोदासने अज्ञानपणी २०,००० रुपयांचे गहाणखत लिहून दिले, सोबत आपण सज्ञान असल्याचे निवेदनही. पण तो अज्ञान असल्याचे पत्र आईच्या वकिलाने सावकाराच्या प्रतिनिधीला आधीच धाडले होते. जाणूनबुजून व्यवहार करणाऱ्या सावकाराला समन्यायाच्या नावाने पैसे परत मिळाले नाहीत. निकाल कडक खरा, पण सावकार फसलेला नव्हताच. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या (१९६३) कलम ३३ नुसार मात्र अज्ञानाला झालेल्या लाभापुरती परतफेड न्यायालय फर्मावू शकते.