शेळ-मेळावलीची जमीन आणि भिलाईचा दाखला

भिलाई आणि गोवा या दोन्ही आयआयटींना 2016 च्या एकाच दुरुस्ती कायद्याने मान्यता मिळाली. दोघींचे बिऱ्हाड सुरुवातीला सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयांत होते. एकीचे रायपूरजवळ सेजबहारला, दुसरीचे फोंड्याजवळ फर्मागुडीला. फेब्रुवारी 2024 मध्ये भिलाईच्या कुटेलाभाट्यातील कायमच्या संकुलाचे उद्घाटन झाले. गोव्यात मात्र लोलयेतून जागा हलवावी लागली. मग सत्तरीतील शेळ-मेळावलीच्या सुमारे 10 लाख चौरस मीटर जमिनीवर जानेवारी 2021 मध्ये मोजणी सुरू होताच गावकऱ्यांची पोलिसांशी चकमक झाली, लाठ्या आणि अश्रुधूर चालला, आणि 15 जानेवारीला मुख्यमंत्र्यांनी तीही जागा सोडल्याचे जाहीर केले. यावरून गोवेकरांना विकासाचे वैरी ठरवणे सोपे आहे. पण भांडण शिक्षणाशी नव्हतेच. ते जमिनीच्या जुन्या, कधीच न मिटलेल्या हिशेबाचे होते.

सत्तरी पोर्तुगिजांकडे आली ती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, नव्या काबिजादीत. राणे घराण्याचे मोकासे म्हणजे इनाम गावे, सरकारने लागवडीसाठी दिलेल्या आल्वारा जमिनी आणि डोंगरउतारावर पिढ्यान्‌पिढ्या कसणारी कुळे असा हा गुंता. 1852 चे दीपाजी राण्यांचे बंड याच तालुक्यातले. गोवामुक्तीनंतर 1964 चा कूळकायदा आला, मोजणी झाली, तरी अनेक काजूबागायतदारांची नावे मालक म्हणून एक-चौदाच्या म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीच्या उताऱ्यावर चढलीच नाहीत. परिणाम विचित्र आहे. ज्याच्या नावे उतारा असतो त्याची जमीन सरकारला संपादित करावी लागते, त्याला नोटीस आणि मोबदला मिळतो. ज्याच्याकडे कागद नाही, त्याची बाग सरकारी जमीन म्हणून एका खात्याकडून दुसऱ्याकडे सरकते. झोन बदलताना त्याचे कुणी ऐकायचेही कारण उरत नाही. मग तो मोजणीच्या वाटेवर उभा राहतो.

जमीन कागदोपत्री सरकारची असेल तर अतिक्रमणाला हक्क का म्हणायचे, हा आक्षेप पोकळ नाही. सरसकट मान्य केले तर उद्या कुणीही झाडे लावून दावा सांगेल. पण नवे अतिक्रमण आणि जुनी कसवणूक यांत फरक करायचा तर दाव्यांची छाननी जागा ठरवण्याआधी हवी. भिलाईचा दाखलाही जपून द्यावा. 1955 मध्ये सोव्हिएत संघाशी तिथल्या पोलाद कारखान्याचा करार झाला. तेव्हा लागू असलेल्या 1894 च्या भूसंपादन कायद्यात शेतकऱ्याची संमती ही अटच नव्हती. कारखान्यासाठी जमीन गेलेल्या गावांनी आनंदाने शेते दिली की निमूटपणे, हे 1959 मध्ये पेटलेल्या पहिल्या झोतभट्टीवरून कळत नाही. शांततेला संमती समजण्याची सवय सरकारला तिथून लागली असावी, असे मला वाटते. गोव्यात मात्र मेळावलीनंतर सांगे तालुक्यात जागा पाहिली गेली, तेव्हा तिथलेही शेतकरी आडवे आले.